सुंदर गोष्टीचा आनंद खरंच कायमचा असतो का? कीट्सच्या ओळीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'अ थिंग ऑफ ब्यूटी इज अ जॉय फॉर एव्हर' ही ओळ वहीच्या मुखपृष्ठावर भेटते, ब्यूटी पार्लरच्या पाटीवर भेटते, सोनाराच्या जाहिरातीतही भेटते. ज्या काव्याची ती सुरुवात आहे ते मात्र फारसं कुणी वाचलेलं नसतं. ओळ अशी सुटी पडली की 'छान गोष्टी छान असतात' एवढाच तिचा अर्थ उरतो. मूळ जागी ती बरंच काही सांगते, आणि ज्यानं ती लिहिली त्याच्या पुढच्या तीन-चार वर्षांनी तिला चांगलंच जोखून पाहिलं. विद्यार्थी, त्यांचे पालक आणि कवितेच्या नादी लागलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं.

ही ओळ कुणाची आणि कुठली?

जॉन कीट्सची. 1818 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एंडिमियन' या दीर्घकाव्याची ही पहिली ओळ. कीट्सचा जन्म 31 ऑक्टोबर 1795 रोजी लंडनमध्ये झाला. वडील भाड्याच्या घोड्यांचा तबेला चालवायचे. 1817 च्या एप्रिलमध्ये वाइट बेटावर त्यानं हे काव्य लिहायला घेतलं, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. एका साध्या प्रसंगातून चार हजार ओळी काढायच्या आणि त्या कवितेनं भरायच्या, असा त्याचा पण होता. वाइट बेट, मार्गेट, हॅम्पस्टेड, ऑक्सफर्ड अशी गावं बदलत त्यानं तो पुरा केला आणि 28 नोव्हेंबरला बर्फर्ड ब्रिजच्या मुक्कामी पहिला खर्डा हातावेगळा केला.

पहिल्या ओळीची एक गोष्ट सांगतात. वैद्यकीच्या दिवसांत कीट्सबरोबर एका खोलीत राहणाऱ्या हेन्री स्टीफन्सच्या आठवणीप्रमाणे ओळीचं आधीचं रूप 'अ कॉन्स्टंट जॉय' असं होतं. स्टीफन्स म्हणाला, चांगली आहे, पण काहीतरी कमी पडतंय. थोड्या वेळानं कीट्सनं 'अ जॉय फॉर एव्हर' म्हणून दाखवलं. ही आठवण बरीच उशिरा कागदावर आली, तेव्हा तिच्यावर फार भार टाकू नये. पण दोन्ही रूपं मोठ्यानं म्हणून पाहा, मित्राचा कान तयार होता हे पटतं.

काव्याची गोष्ट काय आहे?

एंडिमियन हा ग्रीक पुराणातला लॅटमस डोंगरावरचा मेंढपाळांचा नायक. चंद्राची देवी त्याच्या स्वप्नात येते आणि तिच्या शोधात तो जमिनीखाली, समुद्राखाली आणि आकाशात भटकतो. खरं सांगायचं तर गोष्ट जागोजागी इतकी पसरते की वाचणारा वाट चुकतो. प्रस्तावनेत कीट्सनं स्वतःच कबूल केलंय की यात अननुभव आणि अपरिपक्वता दिसेल. सिद्धीला गेलेलं काम म्हणण्यापेक्षा तापात केलेला प्रयत्न म्हणावा असं हे आहे. आपल्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर असं लिहिणारे कवी विरळाच.

आपल्याकडच्या वाचकानं चौथा भाग तरी उघडावा. तिथे एंडिमियनला रडत बसलेली एक भारतीय मुलगी भेटते, गंगेच्या देशातून आलेली. ती एक गाणं म्हणते. त्यात बॅकस हा मद्याचा देव भारतावर चालून येतो तेव्हा ब्रह्मदेव आपल्या स्वर्गात कण्हतो आणि त्याचे सगळे पुजारी विलाप करतात! कीट्स युरोपबाहेर कधी गेला नव्हता, पण त्याच्या कल्पनेला कसला अटकाव? त्याच गाण्यात ती मुलगी दुःखाविषयी म्हणते: मी दुःखाचा निरोप घेतला, म्हटलं त्याला मागे टाकून जाऊ, पण त्याचा माझ्यावर फार जीव, ते मला सोडत नाही, किती एकनिष्ठ आणि किती मायाळू! आनंद कायमचा असतो असं सांगून सुरू झालेल्या काव्याच्या पोटात हे गाणं आहे. आनंदाबद्दल ठासून सांगणाऱ्या कवीनं सोबतीला कायमचं राहणारं दुःखच दाखवलं. पुढे ही मुलगीच चंद्रदेवी निघते. पाटीवर ओळ रंगवणाऱ्यांपर्यंत यातलं काहीच पोचत नाही.

'कायमचा आनंद' म्हणजे सुंदर वस्तू कधी नष्ट होत नाही, असं म्हणायचंय का?

सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. कीट्सनं आनंदाला कायमचं म्हटलंय. फूल कायमचं आहे असं तो म्हणत नाही. ते कोमेजतं हे त्याला सांगायला नको होतं. पुढच्या ओळींत तो म्हणतो की सुंदर गोष्टीची मोहिनी वाढत जाते, ती शून्यात विरत नाही, ती आपल्यासाठी एक शांत कुंज राखून ठेवते, आणि गोड स्वप्नांची, आरोग्याची, शांत श्वासाची झोप राखून ठेवते. ही सगळी क्रियापदं पाहणाऱ्याच्या बाजूनं चालतात. वस्तू आपल्या आत शिरली की पुढे काय होतं, याचं ते वर्णन आहे.

थोडं पुढे तो आणखी स्पष्ट बोलतो. या गोष्टींचा अनुभव आपण घटकाभर घेतो असं नाही, देवळाभोवती सळसळणारी झाडं काही दिवसांत देवळाइतकीच प्रिय होतात, तसा चंद्र, तशी कविता आपल्याला धरून राहते. पारावरच्या पिंपळाची सळसळ ज्याच्या कानात लहानपणापासून आहे त्याला हा दाखला समजावून द्यावा लागणार नाही. देव पाहायला गेलो होतो, घरी पिंपळ घेऊन आलो. शेवटी कीट्स म्हणतो, आकाश उजळ असो की झाकोळलेलं, या गोष्टी सतत आपल्यासोबत असल्याच पाहिजेत, नाहीतर आपण मरू.

आणि मधला एक शब्दगुच्छ सहज नजरेतून सुटतो: 'ऑन एव्हरी मॉरो'. आपण रोज सकाळी फुलांचा एक पट्टा गुंफतो, स्वतःला या पृथ्वीशी बांधून घेण्यासाठी. रोज, म्हणजे कालचा पट्टा आज पुरत नाही. कायमचा आनंद एकदा मिळाला आणि कपाटात ठेवला, असा हा व्यवहार नव्हे. ती नित्याची गुंफण आहे, आणि ती करणाराही आपणच. माझ्या मते त्या पहिल्या ओळीचं खरं स्पष्टीकरण याच ओळीत आहे.

कवितेत सुंदर म्हणून कोणकोणत्या गोष्टी येतात?

सूर्य, चंद्र, म्हातारी आणि तरुण झाडं, त्यांच्या सावलीत बसलेल्या साध्याभोळ्या मेंढ्या, डॅफोडिलची फुलं आणि त्यांचं हिरवं जग, उन्हाळ्यात स्वतःसाठी गारवा करून घेणारे ओहोळ, रानातल्या जाळीवर फुललेले कस्तुरी गुलाब. इथपर्यंत निसर्गाची यादी आहे. त्यानंतर मात्र थोर मृतांसाठी आपण जी भव्य नियती कल्पिली ती येते, आणि मग ऐकलेल्या-वाचलेल्या सगळ्या सुरेख गोष्टी. आजीनं सांगितलेली कहाणी आणि ओढ्याकाठचं झाड यांना तो एकाच पंगतीत बसवतो. स्वर्गाच्या काठावरून आपल्यासाठी ओतला जाणारा अमृताचा न संपणारा झरा, असं तो या साऱ्याला म्हणतो.

मेंढ्या तेवढ्या लक्षात ठेवा. पुढे त्यांची पुन्हा गाठ पडणार आहे.

'शांत श्वास' हे सौंदर्याचं फळ कसं? श्वासाचा इथे काय संबंध?

कीट्सच्या घरात श्वासाचा संबंध सगळ्याच गोष्टींशी होता. वडील 1804 मध्ये घोड्यावरून पडून गेले. आई 1810 मध्ये क्षयानं गेली. तिच्या शेवटच्या आजारात चौदा वर्षांचा जॉन तिची शुश्रूषा करत होता. तो एका वैद्याकडे उमेदवारी करायला लागला आणि 1815 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शिकायला गेला. तिथे तो ड्रेसर होता. जखमा बांधायच्या आणि शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनच्या हाताखाली उभं राहायचं, हे त्याचं काम. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणजे रोगी जागा असताना सगळं चालायचं. 1816 मध्ये त्याला औषधं देण्याचा परवाना मिळाला आणि तो हातात असताना त्यानं कवितेची वाट धरली.

'एंडिमियन' लिहीत होता तेव्हा धाकटा भाऊ टॉम क्षयानं खंगायला लागला होता. अशा माणसानं झोप, आरोग्य आणि शांत श्वास हे तीन शब्द एका ओळीत लिहिले की ते वर्णन नुसतं गोड राहत नाही. रुग्णाच्या उशाशी बसून छातीची धाप मोजलेल्या माणसाची ती मागणी आहे. दोन वर्षांनी नाइटिंगेल या गाणाऱ्या पक्ष्यावरच्या कवितेत हाच 'शांत श्वास' परत येतो, पण तिथे तो मृत्यूनं हलकेच काढून न्यावा असं कवीला वाटतं.

म्हणजे हा पलायनवादच झाला ना? दुःखापासून पळून फुलांत लपायचं?

आक्षेप जुना आहे, आणि अगदी खोटाही नाही. 1818 च्या सप्टेंबरमध्ये कीट्स टॉमच्या उशाशी बसून होता. दुसरा भाऊ जॉर्ज त्याच उन्हाळ्यात अमेरिकेला निघून गेला होता. तेव्हाच्या एका पत्रात तो लिहितो की टॉमचं अस्तित्व दिवसभर माझ्यावर इतकं दाटून येतं की मला बाहेर पडावं लागतं. त्याचा चेहरा, आवाज, अशक्तपणा यांच्यापासून सुटका व्हावी म्हणून मला लिहावंच लागतं, अमूर्त प्रतिमांमध्ये बुडी मारावी लागते. आणि लगेच पुढे: अशा वेळी कवितेच्या कीर्तीचा विचार करणं मला गुन्हा वाटतो, तरी मी तो करतो, नाहीतर सोसावं लागतं.

पळणं म्हणायचं तर म्हणा. पण खोलीत आजारी भाऊ आहे हे विसरण्यासाठी तो लिहीत नव्हता. त्याच खोलीत परत जाऊन बसता यावं म्हणून लिहीत होता. 1 डिसेंबर 1818 ला टॉम गेला, एकोणीस वर्षांचा. तोवर कीट्स तिथेच होता.

शिवाय कवितेतच पाहा. फुलांचा पट्टा गुंफायचा तो कशाकशाला न जुमानता? निराशा, थोर मनाच्या माणसांचा अमानुष दुष्काळ, काळवंडलेले दिवस, आपल्या शोधाच्या वाटेवरचे सगळे रोगट अंधारे रस्ते. एवढी यादी झाल्यावर तो म्हणतो की हे सगळं असूनही सौंदर्याचं एखादं रूप आपल्या काळोख्या मनावरचं आवरण दूर सारतं. आवरणासाठी त्यानं वापरलेला शब्द शवपेटीवर अंथरायच्या कापडाचा आहे. प्रेतयात्रेतलं कापड! पळणारा माणूस ते सोबत आणत नाही.

टीकाकारांनी कीट्सला मारलं असं म्हणतात, ते खरं का?

नाही, क्षयानं मारलं. टीका मात्र जहरी होती. 'ब्लॅकवुड्स' मासिकानं 1818 च्या ऑगस्टमध्ये त्याला सांगितलं की दुकानात परत जा, मलमपट्ट्या, गोळ्या आणि मलमाच्या डब्यांकडे. 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'च्या परीक्षकानं तर पहिल्या भागापलीकडे आपल्याला वाचवलं नाही असं लिहूनच पुस्तक झोडपलं. कवी शेलीनं कीट्सवरच्या शोकगीतात टीकेचा घाव जीवघेणा ठरवला, दुसरा कवी बायरन यानं त्याची थट्टा केली, आणि दंतकथा रूढ झाली. कीट्स स्वतः मात्र 1818 च्या ऑक्टोबरमध्ये लिहितो की ज्याचं सौंदर्यावर प्रेम आहे तो स्वतःचाच कठोर टीकाकार असतो, त्याच्यावर स्तुतिनिंदेचा परिणाम क्षणभरच टिकतो. 'एंडिमियन'मध्ये मी समुद्रात डोक्यावर उडी घेतली, म्हणून खोली आणि खडक कळले. काठावर बसून पावा वाजवला असता, चहा आणि शहाणपणाचे सल्ले घेतले असते, तर कळले नसते.

पण पुढे त्यानंच 'सौंदर्य मरणारच' असं लिहिलं. मग पहिली ओळ खोटी ठरली का?

हा खरा प्रश्न. 1819 च्या वसंतात, टॉमच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, हॅम्पस्टेडमध्ये कीट्सनं एकामागून एक ओड, म्हणजे एखाद्या विषयाला उद्देशून लिहिलेल्या भारदस्त कविता, लिहिल्या. उदासीनतेवरच्या ओडमध्ये तो म्हणतो: उदासी दाटून आली तर विषारी मुळं शोधत जाऊ नका. सकाळच्या गुलाबावर, ओल्या वाळूवरच्या लाटेतल्या इंद्रधनुष्यावर, टपोऱ्या पिओनी फुलांवर तिला पोटभर जेवू घाला. आणि मग: उदासी राहते सौंदर्यापाशी, त्या सौंदर्यापाशी जे मरणारच आहे; आणि आनंदापाशी, ज्याचा हात निरोप घेण्यासाठी सतत ओठांशी असतो. ज्याला आनंदाचं द्राक्ष टाळूवर फोडता येतं, त्यालाच तिचं मंदिर दिसतं.

1817 मधला मुलगा म्हणाला होता की आनंद कायमचा. 1819 मधला माणूस म्हणतोय की आनंद दारातच उभा आहे, निघालेला. विसंगती आहेच, आणि ती सारवासारव करून झाकू नये. नाइटिंगेलवरच्या ओडमध्येही ती उघड आहे. ज्या जगात तरुण फिके पडतात, हाडं निघतात आणि मरतात, त्या जगात सौंदर्याला आपले तेजस्वी डोळे टिकवता येत नाहीत, असं तो म्हणतो. टॉमचा चेहरा त्या ओळीत आहे, हे ओळखायला संशोधक लागत नाही. पक्ष्याचं गाणं मात्र अमर आहे. पक्षी अमर नाही, हे कीट्सला ठाऊक होतं. गाणं एका पिढीकडून दुसरीकडे जातं. पण तेही शेवटी टेकडीआड विरतं आणि आपण जागे आहोत की झोपेत, हे त्याला कळेनासं होतं.

मला वाटतं पहिली ओळ खोटी ठरली नाही, तिचा भाव वाढला. 'कायमचा आनंद' हा शब्द त्यानं आधी उधारीवर दिला होता. पुढे तो रोखीनं फेडला, आणि तो 19 सप्टेंबर 1819 ला, विंचेस्टरमध्ये. कापणी झालेल्या शेतांकडे फिरायला जाऊन आल्यावर त्यानं शरद ऋतूवरची कविता लिहिली. दोन दिवसांनी मित्राला कळवतो की कापलेल्या शेताचा रंग ऊबदार दिसतो, वसंतातल्या गार हिरव्यापेक्षा मला हा जास्त आवडतो.

त्या कवितेच्या शेवटच्या कडव्यात प्रश्न येतो: वसंताची गाणी कुठे गेली? उत्तर: त्यांचा विचार नको, तुझंही संगीत आहेच की. आणि मग ते संगीत ऐकू येतं. नदीकाठच्या वाळुंजांत चिलटांचा रडवा समूहस्वर, टेकडीवरून ओरडणारी पुरती वाढलेली कोकरं, कुंपणातले रातकिडे, बागेतल्या रॉबिनची शीळ, जायच्या तयारीनं आकाशात जमलेल्या पाकोळ्या. 'एंडिमियन'मधल्या त्या साध्याभोळ्या मेंढ्या सावलीत गप बसल्या होत्या. इथली कोकरं मोठी झालीत, थंडी तोंडावर आहे, आणि ती ओरडतायत. 'कायम' हा शब्द या कवितेत कुठे येत नाही. दिलासा मात्र 'एंडिमियन'पेक्षा जास्त मिळतो, कारण इथे कवी कसलंच वचन देत नाही.

'सौंदर्य म्हणजे सत्य' हीसुद्धा त्याचीच ओळ ना? तिचा अर्थ तोच का?

ओळ त्याचीच, 1819 च्या ग्रीक कलशावरच्या ओडमधली. अर्थावर दोनशे वर्षं वाद चालू आहे आणि तो या पानावर मिटायचा नाही. आपल्या विषयासाठी त्याच्या दोन ओळी आधीचा भाग जास्त कामाचा आहे: म्हातारपण ही पिढी संपवेल तेव्हा, हे कलशा, तू आमच्याहून वेगळ्या दुःखांच्या मधोमध उरशील, माणसाचा मित्र म्हणून. दुःखं बदलतील, संपणार नाहीत, आणि कलश मित्र राहील. कवी त्याला 'थंड' मात्र म्हणतोच. कलशावरचा प्रियकर कायम तरुण आहे, पण त्याला चुंबन कधीच मिळणार नाही.

वर्डस्वर्थच्या डॅफोडिल्समध्येही हीच कल्पना आहे का?

नातं जवळचं आहे. 15 एप्रिल 1802 रोजी कीट्सच्या आधीच्या पिढीतला कवी विल्यम वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी अल्सवॉटर सरोवराच्या काठानं चालले होते. डोरोथीनं रोजनिशीत लिहिलंय की काही डॅफोडिल्स दगडांवर डोकं टेकून होती, थकून उशीवर टेकावं तशी. कविता मात्र 1804 मध्ये झाली आणि 1807 मध्ये छापली गेली. फुलं पाहताना नव्हे, तर पुढे कधीतरी कोचावर रिकाम्या किंवा उदास मनानं पडलेलं असताना ती 'अंतःचक्षूं'समोर चमकतात, हा कवितेचा गाभा. त्या अंतःचक्षूंच्या दोन ओळी बायकोनं, मेरीनं, सुचवल्याचं वर्डस्वर्थनं सांगून ठेवलंय. रोजनिशी बहिणीची, उत्तम ओळी बायकोच्या, नाव मात्र त्याचं!

कीट्स आणि वर्डस्वर्थ यांच्यात फरक आहे. वर्डस्वर्थसाठी आठवण म्हणजे ठेव. शहराच्या गोंगाटात, एकट्या खोलीत ती काढता येते. टिंटर्न ॲबीजवळच्या 1798 च्या कवितेत तो हे जवळजवळ हिशेब मांडल्यासारखं सांगतो. कीट्सला ठेवीवर एवढा भरवसा नाही. 'एंडिमियन' संपत आलेलं असताना, 22 नोव्हेंबर 1817 च्या पत्रात तो लिहितो: सुखाचा मी आधीपासून हिशेब धरत नाही, ते या क्षणात नसेल तर शोधत नाही, मावळता सूर्य मला नेहमी ताळ्यावर आणतो, खिडकीसमोर चिमणी आली तर मी तिच्या जिण्यात सामील होतो आणि तिच्याबरोबर खडीत दाणे टिपतो. कायमच्या आनंदाची ओळ लिहिणारा माणूस खासगीत इतका या घटकेचा होता, हे मला फार आवडतं.

कवितेनं कुणाला खरोखर आधार दिल्याचं उदाहरण आहे का?

जॉन स्टुअर्ट मिलचं. लहानपणापासून बुद्धीच्या घाण्याला जुंपलेला हा विचारवंत 1826 मध्ये विशीतच खोल निराशेत गेला. आत्मचरित्रात तो सांगतो की बायरन वाचून पाहिला, काही उपयोग झाला नाही. बायरनची मनःस्थिती त्याच्यासारखीच होती. 1828 मध्ये वर्डस्वर्थ हाती लागला आणि त्या कविता त्याच्या मनाला औषध ठरल्या. कारणही तो नेमकं देतो. बाह्य सौंदर्याचं नुसतं चित्रण यासाठी पुरलं नसतं. सौंदर्याच्या स्पर्शानं भावना कशा जाग्या होतात ते या कवितांत होतं. वर्डस्वर्थपेक्षा मोठे कवी आहेत हेही मिलनं तिथेच सांगून टाकलं. इतका हिशेबी रुग्ण साक्षीला असला की विश्वास ठेवावासा वाटतो.

सुंदर दिसतं, पण आत काहीच हलत नाही. मग?

मग तुम्ही वर्डस्वर्थचा कविमित्र कोलरिज याच्या सोबतीत आहात. त्याच्या विषादावरच्या ओडवर 4 एप्रिल 1802 ही तारीख आहे, म्हणजे डॅफोडिल्सच्या त्या फेरफटक्याच्या अकरा दिवस आधीची. संध्याकाळचं पिवळसर हिरवं आकाश, ढग, तारे, चंद्रकोर, सगळं त्याला दिसतंय. ते किती सुंदर आहे हे 'दिसतं, जाणवत नाही', असं तो लिहितो. आपण निसर्गाला जे देतो तेवढंच तो परत देतो, झरा आतच आटला तर बाहेरच्या आकारांकडून काय मिळणार? सौंदर्याच्या दिलाशाची मर्यादा इतक्या सरळपणे सांगणारी दुसरी कविता माझ्या वाचनात नाही. ज्याला काहीच जाणवेनासं झालंय त्याच्यापुढे कीट्सची ओळ नाचवू नये. हे दिवस लांबत असतील तर डॉक्टरांकडे जावं, कविता कुठे पळून जात नाहीत.

मराठीत या कवितेचा काही धागा आहे का?

आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. केशवसुत (1866–1905) इंग्रजी रोमँटिक कविता वाचत होते आणि सॉनेटचा, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेचा, घाट मराठीत त्यांनी आणला. त्यांच्यामागून आलेले बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे (1890–1918). त्यांची कीट्सशी तुलना होते ती बहुधा दोघेही ऐन तारुण्यात गेले म्हणून, आणि ते कारण मला वरवरचं वाटतं. खरं साम्य वेगळ्या ठिकाणी आहे. 'हिरवे हिरवे गार गालिचे' लिहिणारा हात 'कोठुनि येते मला कळेना, उदासीनता ही हृदयाला' हेही लिहितो. शाळेत आपल्याला गालिचे तेवढे पाठ करायला लावतात. औदुंबराची कविता वाचताना पाण्यात पाय सोडून बसलेलं ते झाड सुखात आहे की दुःखात, हे आठ ओळींत कुठेही सांगितलेलं नाही. कीट्सला ती आवडली असती.

शेवटच्या आजारात त्याला सौंदर्याचा आधार वाटला का?

काही काळ वाटला, शेवटी फारसा नाही. 1820 च्या फेब्रुवारीत चादरीवर रक्त पडलं तेव्हा त्यानं मेणबत्ती मागवून रंग पाहिला आणि हे धमनीतलं रक्त आहे, ही मरणाची चिठ्ठी आहे, असं सांगितलं. वैद्यकी शिकलेला होता, फसवून घेण्याची सोय नव्हती. त्याच महिन्यात एका मित्राला लिहिलेल्या पत्रात मात्र तो म्हणतो की जग सोडून जायची शक्यता दिसली की त्याचं सौंदर्य किती ठसतं! लहानपणापासून ओळखीच्या असलेल्या प्रत्येक फुलाचा मी मायेनं विचार करतो. काचघरातली परदेशी फुलं नकोत, आमच्या वसंतातली साधी फुलं पुन्हा पाहायची आहेत. आणि आपली प्रेयसी फॅनी ब्रॉन हिला: मागे अमर असं काही ठेवलं नाही, पण सगळ्या गोष्टींतल्या सौंदर्याच्या तत्त्वावर मी प्रेम केलं.

रोमचे शेवटचे महिने भयंकर होते. फॅनीची पत्रं उघडणंसुद्धा त्याला सोसेना. 23 फेब्रुवारी 1821 ला तो गेला, पंचवीस वर्षांचा. दगडावर नाव नको, इथे पाण्यावर नाव लिहिलेला एक जण निजला आहे एवढंच लिहा, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. तिथे सौंदर्यानं त्याला तारलं असं लिहिणारे चरित्रकार भाविक आहेत, एवढंच म्हणेन.

बारावीला हा उतारा आहे. परीक्षेसाठी काय लक्षात ठेवावं?

सीबीएसईच्या बारावीच्या पुस्तकात घेतलेला उतारा 'स्वर्गाच्या काठावरून' ओतल्या जाणाऱ्या झऱ्यापाशी संपतो. देवळाभोवतीची झाडं त्याच्या लगेच पुढे येतात, म्हणजे मुलांच्या हाती ती लागतच नाहीत. पुढच्या नऊ ओळी नेटवर सहज मिळतात, त्या जोडून वाचा. उत्तर लिहिताना निराशेची यादी आधी मांडा आणि फुलं नंतर. मार्गदर्शकांत उलटं असतं आणि मग उत्तर गुळचट होतं.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

'एंडिमियन' सगळं वाचायचा आग्रह नको. पहिल्या तेहतीस-चौतीस ओळी, पहिल्याच भागातलं पॅन देवाचं स्तोत्र आणि चौथ्या भागातलं त्या भारतीय मुलीचं गाणं, एवढं पुरे. ते स्तोत्र कीट्सनं वर्डस्वर्थला म्हणून दाखवलं तेव्हा वर्डस्वर्थ 'छान आहे, मूर्तिपूजकांचं' अशा अर्थाचं काहीतरी कोरडं बोलला होता. तुम्ही स्वतः ठरवा. मग शरद ऋतूवरची ओड, मग उदासीनतेची, मग नाइटिंगेल. कलश शेवटी ठेवा, कारण त्याच्यावर इतकं लिहिलं गेलंय की कविता दिसेनाशी होते. आणि पत्रं वाचा. कीट्सची पत्रं त्याच्या अर्ध्या कवितांपेक्षा सरस आहेत, जुन्या पुस्तकांच्या दुकानात ती बऱ्याचदा स्वस्तात मिळतात, आणि ती कुठूनही उघडली तरी चालतात.